पिठाची सही

आमच्या घरात सरपंच दोन होते. एक निवडून आलेला आणि एक काम करणारा. निवडून आली होती माझी आई, गयाबाई, आणि काम करायचे माझे वडील, ज्यांना सगळ्या गावासारखं आम्हीही अण्णाच म्हणायचो. मंठा तालुक्यातल्या आमच्या त्या गावात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून बाईचं नाव दिलं. दुकानाच्या पाटीवर देवीचं नाव असतं आणि गल्ल्यावर आपण बसतो, तितकं ते सरळ होतं. अण्णांचं खरंच बियाणांचं दुकान होतं, पाटीवर खरंच देवी होती आणि गल्ल्यावर अर्थातच अण्णा होते. त्यामुळे ग्रामपंचायत चालवताना त्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही.

ग्रामपंचायतीत अण्णांनी सगळ्यात आधी खुर्ची बदलली. जालना एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या मिलच्या ऑफिसातून त्यांनी एक फिरती खुर्ची आणली. काळं रेक्झिन, दोन्ही बाजूंना हात, मान टेकवायला उंच पाठ. ती फक्त डावीकडेच फिरायची. उजवीकडे बसलेल्या माणसाशी बोलायचं झालं की अण्णांना डावीकडून पूर्ण फेरी मारून यावं लागे, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस आपलं म्हणणं थोडं मऊ करून घ्यायचा. अण्णा हे मुद्दाम करत, असं गावात बोललं जाई. मी शपथेवर सांगते, मुद्दाम नव्हतं, बेअरिंग गेलं होतं.

आई त्या ऑफिसात वर्षातून दोनदा जायची, झेंडावंदनाला. बाकी कारभार आमच्या चुलीपाशी चाले. आमच्याकडे सभा म्हणजे ग्रामसेवक भाऊसाहेबांनी प्रोसिडिंगचं बुक काखेत मारून घरोघर फिरणं. ठराव आधीच लिहिलेला असे. पंच लोक ओट्यावर, गोठ्यात, कटिंगच्या दुकानात जिथं सापडतील तिथं सह्या करत आणि शेवटी ते बुक आमच्या स्वयंपाकघरात येई. आई भाकरी थापता थापता हात परातीच्या काठावर झटकायची, पदराला पुसल्यासारखं करायची आणि सही करायची. सही मीच तिला शिकवली होती, मी सातवीत असताना, अंगणात कोळशानं गिरवून. ती आधी सगळी अक्षरं सुटी मांडायची आणि मग डोक्यावरून एकच रेघ ओढायची, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. कितीही झटकले तरी तिच्या हाताला ज्वारीचं पीठ राहायचंच. त्यामुळे त्या बुकात प्रत्येक पानावर सहीच्या शेजारी एक पांढरट बोट उमटलेलं असे.

आई अण्णांना कधी नाही म्हणाली नाही. नाही म्हणायची तिची पद्धत वेगळी होती. एखादा ठराव पटला नाही की तिचे हात पिठातून निघतच नसत. भाऊसाहेब उंबऱ्यात उभे राहत, आई आतून म्हणे, "हात पिठात हाय." तासाभरानं परत आले तरी हात पिठातच. त्या दिवशी आमच्याकडे भाकऱ्यांची चळत अशी काही वाढायची की शेजारच्या तीन घरांत वाटून उरायची. दुपारी जेवायला बसल्यावर भाकऱ्यांच्या संख्येवरून मला कळायचं की पंचायतीत काहीतरी बिनसलंय.

त्या वर्षी बिनसलं होतं ते नळावरून. पाण्याच्या योजनेत गावाला एक जादा सार्वजनिक नळ मंजूर झाला होता. अण्णांना तो आपल्या दुकानासमोर हवा होता. गावात आलेला माणूस आधी नळ बघतो आणि मग दुकान, असं त्यांचं म्हणणं. आईला तो खालच्या गल्लीत हवा होता, जिथल्या बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून दिवसातून दोन वेळा पाणी आणायच्या. खालच्या गल्लीत शमीमखाला राहायची. तिचा नवरा पिंजारी. त्यांच्या घरातून दिवसभर कापूस पिंजण्याचा टणत्कार यायचा, आणि तो थांबला की समजायचं, खाला पाण्याला गेली आणि तो चुलीजवळ बसला. आई आणि खाला एकाच वर्षी नवऱ्या होऊन गावात आल्या होत्या. खाला एका सकाळी आमच्या मागच्या दारी येऊन बसली आणि आईला म्हणाली, "गयाबाई, नल की बात करने मैं तुमारे पास आई, तुमारे मालिक के पास नई गई. वोट मैंने तुमकू दिया था." आईनं खालाच्या हातावर गरम धपाटं ठेवलं आणि होय म्हणून मान हलवली. चार दिवस झाले, दुकानासमोरच्या नळाचा ठराव लिहून तयार होता, सगळ्या पंचांच्या सह्या झाल्या होत्या, आणि आईचे हात पिठात होते.

अशात पंचायत समितीकडून निरोप आला की स्वीडन देशाच्या संसदेतल्या एक बाई महिला सरपंचांचा कारभार बघायला येणार आहेत आणि आपल्या तालुक्यातून आपलं गाव निवडलं आहे. आपलंच का, हे भाऊसाहेबांनी अभिमानानं सांगितलं. साऱ्या तालुक्यात प्रत्येक पानावर बाई सरपंचाची स्वतःची सही असलेलं बुक फक्त आपलं होतं.

स्वीडन कुठे आहे हे गुरुजींनी शाळेच्या नकाशावर छडीनं दाखवलं. नकाशाची ती बाजू उंदरांनी खाल्ली होती. तरी तिकडे फार बर्फ असतो एवढं सगळ्यांना समजलं. दिवस एप्रिलचे होते. पाहुण्यांना आपल्याकडचं ऊन सोसणार नाही म्हणून अण्णांनी मंठ्याहून बर्फाची एक लादी मागवली. भुशात आणि पोत्यात गुंडाळून ती टेम्पोतून आली आणि ऑफिसात घमेल्यात ठेवली. पाहुण्यांनी तिच्यावर पाय ठेवून बसावं अशी योजना होती. इंग्रजीत स्वागताचं भाषण करायला माझी निवड झाली, कारण मी नववीत होते आणि घाबरत नव्हते.

आता कबूल करायची गोष्ट. त्या सकाळी आई मागच्या अंगणात न्हाणीत होती. अण्णा बुक घेऊन माझ्याकडे आले. पाहुण्यांसमोर बुक अपुरं दिसायला नको, असं म्हणाले. मी हात मागे घेतला. मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईची सही तू काढतीस तशी तुझ्या आईलाबी येत न्हाई." चौदा वर्षांच्या मुलीला यापेक्षा जास्त काय लागतं? मी सही केली. अक्षरं सुटी मांडली, हात मुद्दाम थोडा कापवला आणि वरून रेघ ओढली. इतकी हुबेहूब की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. खालाचं धपाटं खाणारं तोंड मला तेव्हा आठवलं होतं, हे मी लपवत नाही. आठवलं आणि तरीही केली. पुढं माझी आजवरची सगळी नोकरी जालन्यातल्या मस्तगडच्या एका बँकेत लोकांच्या सह्या तपासण्यात गेली. देवाला विनोद कळतो असं मला वाटतं ते यावरून.

पाहुणे दुपारच्या आत आले. जीपमधून आधी जालन्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडम उतरल्या, दुभाषी म्हणून. मग पंचेचाळिशीची, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली एक बाई, ब्रिटा. आणि मग तिचा नवरा, लेनार्त, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. बँड वाजला. आणि अण्णा हार घेऊन सरळ लेनार्तकडे गेले.

यात अण्णांचा अपमानाचा हेतू नव्हता, तर उलट शहाणपणा होता. बाई निवडून आली आहे, बरोबर नवरा आहे, म्हणजे खरा खासदार कोण, हे आमच्या गावात लहान पोरालाही सांगावं लागत नव्हतं. लेनार्तला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि फिरत्या खुर्चीत बसवून पाय बर्फावर ठेवले. ब्रिटाला आईनं हळदीकुंकू लावलं, खणानारळानं तिची ओटी भरली आणि बायकांसोबत सतरंजीवर नेऊन बसवलं. माझं भाषण मी लेनार्तकडे बघून म्हटलं. मॅडमनी दोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला, पण बँड चालू होता.

मग अण्णांनी लेनार्तला त्यांच्या संसदेबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. शेतीला वीज किती तास देता, विरोधकांना कसं सांभाळता. मॅडम भाषांतर करत आणि लेनार्त दर वेळी मान हलवून म्हणे, मला यातलं काही माहीत नाही. अण्णांचा आदर वाढतच गेला. इतका मुरलेला राजकारणी आपण बघितला नाही, असं ते भाऊसाहेबांच्या कानात म्हणाले. शेवटी लेनार्तनं सांगितलं की तो दातांचा डॉक्टर आहे आणि घरी स्वयंपाक तोच करतो. त्यातलं दुसरं वाक्य मॅडमनी सांगितलं की नाही मला आठवत नाही, पण पहिलं गावभर पसरायला पाच मिनिटं लागली. दहाव्या मिनिटाला ऑफिसच्या दारात गालाला हात लावलेल्या माणसांची रांग होती. लेनार्त खुशीत उठला, खुर्चीला हात आणि मान टेकवायची सोय आहे हे त्यानं बघितलंच होतं. खिशातून छोटी बॅटरी आणि चिमटा काढला, आईकडून उकळत्या पाण्यातला चमचा मागवला आणि सरपंचाच्या खुर्चीत तो दात तपासायला लागला. हिरडी सुजली असेल त्याला घमेल्यातला बर्फ फोडून मिळायचा.

इकडे सतरंजीवर ब्रिटा आपली हकिकत सांगत होती. तिचा बाप जंगलात लाकूडतोडीला होता आणि ती स्वतः बस चालवायची. तिकडे एसटीवर बाई ड्रायव्हर असते, एवढ्यावरच बायका माना हलवत राहिल्या. तिच्या रूटची बस तिथल्या नगरपालिकेनं बंद केली, म्हणून ती भांडायला गेली. निवडणूक आली तेव्हा एका पक्षाला यादीत बाईचं नाव कमी पडत होतं, म्हणून तिचं घातलं. गप्प बसेल असा त्यांचा अंदाज होता. निवडून आल्यावर वर्षभर ती सभेत कॉफी करत होती. नंतर तिच्या लक्षात आलं की सगळं आधीच ठरलेलं असतं. ठरायचं कुठे, तर गुरुवारी संध्याकाळी पुरुष मंडळी एका लाकडी खोलीत गरम वाफ घेत उघडीनागडी बसायची तिथं. दारापाशी बसलेल्या पंचांनी समजुतीनं हुंकार दिला. आपल्याकडे हे पारावर होतं आणि कपडे घालून होतं, एवढाच फरक. मग एका गुरुवारी ब्रिटा त्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहिली आणि सभेचे सगळे विषय मोठ्यानं वाचायला लागली. आतून कुणी बाहेर येईना. ती वाचत राहिली. वाफेनं जीव कासावीस झाल्यावर एकेक जण निघाला.

"कपडे पहन के निकले क्या?" शमीमखालानं विचारलं. मॅडमनी लाजत भाषांतर केलं. ब्रिटा पोट धरून हसली आणि टॉवेल एकच होता असं म्हणाली. बायका अशा हसल्या की तिकडे लेनार्तनं चमचा खाली ठेवला. बस सुरू झाली, पुढे ती संसदेत गेली, मधे एकदा पडली, पुन्हा उभी राहून निवडून आली. आई मात्र हसत नव्हती. ती एकटक ब्रिटाच्या तोंडाकडे बघत होती.

मग ब्रिटानं प्रोसिडिंगचं बुक मागितलं. कुठेही गेली तरी ती आधी तेच बघते, असं मॅडम म्हणाल्या. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती पानं उलटत गेली आणि एका पांढऱ्या डागावर बोट ठेवून थांबली. पुढच्या पानावर तसाच. त्याच्या पुढच्यावरही. हे काय आहे, तिनं विचारलं. भाऊसाहेब पुढं सरसावले. वाळवी लागू नये म्हणून पावडर टाकतो, असं ते म्हणाले. ब्रिटानं विचारलं, वाळवी फक्त सरपंचांच्या सहीलाच लागते का?

सगळ्या गावानं अण्णांकडे बघितलं. अशा प्रसंगी उत्तर अण्णाच देत. पण रांग संपत आल्यावर त्यांनीही आपली दाढ दाखवायचं मनावर घेतलं होतं आणि ते खुर्चीत आ वासून पडले होते. तोंडात चमचा, चमच्यावर लेनार्तचा अंगठा, आत चिमटा. त्यांनी उत्तर दिलं, पण ते फक्त 'आ' असं आलं. मॅडमनी सवयीनं भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

तेव्हा आई बोलली. गावातल्या माणसांसमोर, बसल्या जागेवरून, मी पहिल्यांदा तिचा आवाज असा ऐकला. "पीठ हाय ते. माझ्या हाताचं. बुक आमच्या चुलीपाशी येतं, मी भाकरी करता करता सही करते." मॅडमनी सांगितलं. ब्रिटानं बुक आईच्या मांडीवर ठेवलं. आई पानं उलटायला लागली. मला वाटलं, आता उठून पळावं. ती शेवटच्या पानाशी आली, सहीवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं.

"ह्या पानावर पीठ न्हाई," आई म्हणाली. "मंग ही सही माझी न्हाई."

भाऊसाहेबांनी आतापर्यंत कधी इतक्या चटकन खाली बघितलं नसेल. ब्रिटानं विचारलं, मग कुणाची? आईनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. ती म्हणाली, "ज्याची हाय त्याला ठाव हाय. हे पान रद्द करा. नळ खालच्या गल्लीत बसवायचा. पंच समदे इथंच हाईत. भाऊसाहेब, हात मोजा."

सतरंजीवरच्या दोन बाई पंचांनी हात वर केले. आईनं केला. बाकीचे चार पुरुष पंच दाराशी बसले होते, त्यांची अडचण खरी होती. तीन वर्षं त्यांनी ठराव कधी ऐकला नव्हता. अण्णा करतील ते आपण करायचं, एवढीच त्यांना सवय. ते खुर्चीकडे बघत बसले. आणि नेमका त्याच क्षणी लेनार्तचा चिमटा दाढेच्या पोकळीत पोचला. अण्णांचा उजवा हात कळ लागून ताडकन वर गेला. चार हात पाठोपाठ वर गेले. भाऊसाहेबांनी मोजले, पुन्हा मोजले आणि लिहिलं, एकमताने मंजूर.

लेनार्तनं चिमटा बाहेर काढून उजेडात धरला. त्यात दाढेत किती दिवस अडकलेला कुणास ठाऊक, एक सुपारीचा तुकडा होता. गावानं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी जबडा हलवून बघितला, तोंडभर हसले आणि खुर्चीतून डावीकडून पूर्ण फेरी मारत विचारलं, "काय ठरलं?"

अण्णा त्यानंतर चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशीपासून तो नळ आपल्याच हातानं मंजूर झाला असं सांगायला लागले, आणि ते खोटंही नव्हतं. संध्याकाळी आईनं परात माझ्यापुढे सरकवली, मी पीठ मळायला बसले आणि रडायला लागले. तिनं मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "माझ्या नावातला 'ग' तू माझ्यापेक्षा बरा काढतीस. आता तुझ्या नावाची सही काढ." दुसऱ्या दिवसापासून ती ऑफिसात जायला लागली. त्या खुर्चीत ती कधी बसली नाही, तिला गरगरायचं. लाकडी स्टूल घेऊन बसायची. टेबलाच्या खणात पिठाची एक डबी असायची, आणि सही केल्यावर ती शेजारी एक बोट पिठाचं उठवायची. मुदत संपेपर्यंत मंठ्याचे साहेब लोक पीठ नसलेला कागद परत पाठवायचे.

ब्रिटाशी पत्रं चालू राहिली. मॅडमकडून, आणि पुढे मला येईल तेवढ्या इंग्रजीतून. ती पुन्हा एकदा निवडणूक हरली तेव्हा आमच्या गावात पारावर खरोखर चर्चा झाली होती की चुकलं कुठे, आणि त्या वाफेच्या खोलीतल्या लोकांनीच घात केला असा निष्कर्ष निघाला होता. अण्णा गेले तेव्हा लेनार्तनं लिहिलं, त्या दाढेची त्याला अजून आठवण आहे.

आता माझी चाळिशी उलटली आहे आणि आई माझ्याकडे मस्तगडला असते. तिला हल्ली कमी दिसतं. मागच्या महिन्यात स्वीडनहून पाकीट आलं. बऱ्याच दिवसांनी, आणि अक्षर पार थरथरतं. मी ते फोडलं आणि वाचायला सुरुवात करणार, तेवढ्यात आईनं हात पुढे केला. तिनं कागद मांडीवर घेतला, वरपासून खालपर्यंत चाचपला आणि शेवटी सहीपाशी थांबली. सहीच्या शेजारी पिठाचं एक वाळलेलं बोट होतं. आईनं ते अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं.

"ज्वारीचं न्हाई," ती म्हणाली. मग कागद माझ्या हातात दिला. "पण तिचीच हाय. वाच आता."